पेटीचा खालचा थर

हापूसच्या पेट्या भरायला घेतल्या की आमच्या पडवीत दरवर्षी एकच वाद व्हायचा. काकांचं म्हणणं, वरच्या थरात मोठी, रंग धरलेली फळं लावावीत आणि तळाला बारकी. पेटीवर पाच डझन लिहिलंय, आत पाच डझन मोजून आहेत, मग फसवणूक कसली? सगळे असंच भरतात. आजी गवत पसरता पसरता एवढंच म्हणायची, "आणि तेनी पेटी उलटी करून उघडल्यान तर?"

काका बेकायदा काही बोलत नव्हते, हे आधी कबूल करायला हवं. कोणत्या थरात कुठलं फळ लावायचं याचा कायदा निदान मला तरी अजून भेटलेला नाही. मी पुढे सहकारी संस्थांचे हिशेब तपासायच्या कामाला लागलो. मच्छीमार सोसायट्या, पतसंस्था, बागायतदारांच्या लहानमोठ्या संस्था. नियम पाळले की नाही हे बघण्यावरच माझं पोट आहे. तरी इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे: काकांचा मुद्दा तपासता येतो, आजीचा प्रश्न मात्र कुठल्याच तपासणीत येत नाही. आणि संस्था टिकते की बुडते ते बहुतेक वेळा आजीच्याच प्रश्नावर ठरतं.

इंग्रजीत या गुणाला इंटिग्रिटी म्हणतात. हल्ली प्रशिक्षणांत, भाषणांत, कंपन्यांच्या भिंतींवर हा शब्द इतका दिसतो की तो गुळगुळीत झाला आहे. पण त्याचं मूळ बघण्यासारखं आहे. लॅटिनमध्ये इंटिजर म्हणजे अखंड, न तुटलेला. शाळेच्या गणितात आपण ज्याला पूर्णांक म्हणतो, तोच हा शब्द. म्हणजे जो माणूस अपूर्णांकात वाटला गेलेला नाही, सभेत एक, घरात दुसरा आणि ठेकेदाराच्या गाडीत तिसरा असा नाही. आपल्याकडे यासाठी सचोटी आहे, नेकी आहे, प्रामाणिकपणा आहे. मला विचाराल तर यांतल्या कुठल्याही शब्दापेक्षा खालून वरपर्यंत एकाच प्रतीची भरलेली पेटी हा अर्थ जास्त चांगला सांगते.

एकच कायदा, दोन सभा

सहकारी संस्थेचं आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं. त्यानंतर ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. १४ दिवस आधी नोटीस काढायची, हिशेब सभेपुढे ठेवायचे, सभासदांनी प्रश्न विचारायचे. पुरेसे सभासद आले नाहीत तर काय, याची सोयही आहे. कोकणातल्या कुठल्याही सोसायटीच्या नोटिशीच्या तळाला ते वाक्य तुम्ही वाचलं असेल: गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.

एका मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननी ही सभा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, कामाच्या दिवशी, सकाळी अकराला ठेवली. पावसाळी बंदी उठून हंगाम ऐन भरात आलेला. नौका सगळ्या बाहेर. बंदरावर राहिले ते म्हातारे, मासे सुकवणाऱ्या बायका आणि कुत्री. अकराला सभा तहकूब झाली, साडेअकराला पुन्हा सुरू झाली आणि बारा वाजता चहा-वडा होऊन संपली. इतिवृत्तात प्रत्येक विषयापुढे 'सर्वानुमते मंजूर'. मी नंतर दफ्तर तपासताना सहज विचारलं, सगळी माणसं दर्यात असताना सभा कशी काय ठेवली? चेअरमन हसले. "सगळां नियमात आसा, सायबानू."

होतंच. नोटीस वेळेत लागलेली, तारीख मुदतीच्या आत, ठराव नीट लिहिलेले. ऑडिटमध्ये संस्थांना अ, ब, क, ड असा वर्ग द्यावा लागतो. त्या सोसायटीला त्या वर्षी 'अ' मिळाला आणि तो मीच दिला. द्यायलाच हवा होता.

त्याच किनाऱ्यावर थोडं दक्षिणेला दुसरी एक सोसायटी आहे. तिथले तेव्हाचे चेअरमन आधी तांडेल होते, म्हणजे नौका चालवणारे. बोलायला तुसडे, अक्षर भयंकर. ते दरवर्षी एप्रिल संपायच्या आत मला फोन करायचे: ऑडिट जूनमध्ये आटपा, "मान्सां किनाऱ्यार आसत तवसर सभा होऊक व्हयी." आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नौका वर ओढून झाकलेल्या असतात, माणसं जाळी विणत घरी बसलेली असतात, आणि वेळ घालवायला भांडण मिळालं तर त्यांना हवंच असतं. त्यांची सभा जुलैत, संध्याकाळी, देवळाच्या मंडपात. बाहेर धो धो पाऊस, आत शंभर माणसांचा ओला वास आणि आरडाओरडा. थकबाकीदारांची यादी वाचताना पहिलं नाव स्वतःचं वाचायची त्यांची पद्धत होती, थकबाकी असो वा नसो. नसली तर "माझी, काय नाय" म्हणून पुढे जायचे.

त्यांनाही 'अ' वर्ग. माझ्या अहवालात या दोन संस्थांमध्ये काहीच फरक नाही.

इथे थोडं थांबू, कारण विषयाचा गाभा इथेच आहे. सभेचा नियम कशासाठी केला होता? ज्याचा पैसा आहे त्याला हिशेब विचारता यावा म्हणून. पहिल्या चेअरमननी नियमाचं प्रत्येक अक्षर पाळून नेमका तो हेतू मारला. दुसऱ्यांनी हेतू धरला आणि त्यासाठी नियमाने न मागितलेली दगदग स्वतःच्या (आणि माझ्या) गळ्यात घेतली. कायद्याला या दोघांतला फरक कळत नाही, आणि कायद्याचा त्यात दोषही नाही. कायदा काय सिद्ध करता येईल तेवढंच बोलू शकतो. सभा मुद्दाम हंगामात ठेवली हे सिद्ध कसं करणार? चेअरमन म्हणतील, गणपतीच्या गडबडीत राहून गेलं.

नियमांची दुसरी अडचण अशी की ते नेहमी मागचं बघून लिहिलेले असतात. कुणीतरी कुठेतरी एक पळवाट काढतो, मग ती बुजवायला कलम येतं. ग्रामपंचायतीचंच घ्या. सदस्याचा स्वतःचा किंवा त्याच्या भागीदाराचा ग्रामपंचायतीच्या कामात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरतो, असं १९५८ च्या कायद्याच्या कलम १४ मध्येच आहे. चांगलं कलम आहे. पण लहानपणापासूनचा दोस्त, ज्याच्या जीपमधून निवडणुकीत फिरलो तो, त्याला गटाराचं काम मिळालं तर? तीन दरपत्रकं मागवायचा नियम असतो, तीन येतात. तिन्हींवर वेगवेगळे शिक्के, पण तिन्हींत 'सिमेंट' हा शब्द एकाच चुकीच्या पद्धतीने टाइप केलेला. अशा फायली मी पाहिल्या आहेत. तीन पाहिजेत म्हटलं होतं, तीन आहेत.

ज्याला कळत नाही त्याच्याशी हिशेब

नेतृत्व म्हटलं की आपल्याला मंत्री नाहीतर मोठा साहेब आठवतो. पण नेतृत्वाची साधी व्याख्या करायची तर अशी करता येईल: ज्याला इतरांपेक्षा जास्त माहिती असते आणि ज्याच्या निर्णयाची किंमत इतर मोजतात, तो नेता. या व्याख्येत सरपंच येतो, मुख्याध्यापिका येते, बचत गटाची अध्यक्ष येते, आणि नौकेवरचा तांडेलही येतो.

नौकेचा हिशेब कसा होतो ते बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. आलेल्या मासळीच्या पैशातून आधी डिझेल, बर्फ, शिधा असा खर्च वजा होतो. उरलेल्याचे वाटे पडतात. नाखव्याचा, म्हणजे मालकाचा, वाटा मोठा, कारण नौका आणि जाळी त्याची. मग तांडेल, मग खलाशी. वाटे किती आणि कसे हे बंदराबंदरावर वेगळं, आणि बरंचसं तोंडी, रिवाजावर चालणारं. आता यात खोट कुठे घालता येते? बर्फाच्या बिलात. डिझेलच्या लिटरमध्ये. लिलावात मिळालेला भाव आणि खलाशाला सांगितलेला भाव यांच्यामधल्या अंतरात. हल्ली रत्नागिरीकडच्या नौकांवर नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने असतात. त्यांना मराठी वाचता येत नाही, लिलाव कळत नाही, आणि महिन्यांनी घरी जाताना हातात जे मिळेल त्यावर त्यांचा हिशेब संपतो.

अशा ठिकाणी नाखव्याला कुणीच पकडणार नाही. ज्याला समजतं त्याच्याशी सगळेच सरळ वागतात, कारण तो विचारतो. ज्याला काही समजत नाही त्याच्याशीही तेवढंच सरळ वागणारा नाखवा मी पाहिला आहे. तो लिलावाची चिठ्ठी खलाशाच्या मोबाइलवर फोटो काढून देतो. मी कारण विचारलं तर म्हणाला, पोरगा तिकडे कुणाकडून तरी वाचून घेईल. त्यावर त्याने काही प्रवचन दिलं नाही, लगेच बर्फवाल्याशी भांडायला गेला.

आणि पैशापलीकडची गोष्ट. १ ऑगस्टला बंदी उठते. त्या दिवशी समुद्र शांत झालेला असतोच असं नाही, पंचांग आणि सरकारी पत्रक यांच्याशी लाटांना देणंघेणं नसतं. जुन्या लोकांचा रिवाज नारळी पौर्णिमेला नारळ देऊन मग दर्यात उतरायचा. पण ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत भाव चढा असतो, कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो. परवानगी आहे. नौका लोटायची का? नाखवा घरी राहणार, खलाशी जाणार. अशा वेळी 'सरकारने बंदी उठवली आहे' हे वाक्य उच्चारणारा माणूस खोटं बोलत नसतो. तो फक्त आपल्या निर्णयाचं ओझं सरकारच्या डोक्यावर ठेवत असतो. नियमाचा हा एक उपयोग फार चालतो आणि त्यावर फार कमी बोललं जातं: नियम पाळणं ही जबाबदारी झटकायची सगळ्यात सभ्य रीत आहे.

मिंधेपण

१९९४ साली ब्रिटनमध्ये पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याचं प्रकरण गाजलं. तेव्हा सरकारने लॉर्ड नोलन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९९५ मध्ये तिने सार्वजनिक पदावरच्या माणसांसाठी सात तत्त्वं सांगितली. त्यांत मला एक गंमत वाटते. प्रामाणिकपणा आणि सचोटी ही तिथे दोन वेगळी तत्त्वं आहेत. मग सचोटी म्हणजे काय? समितीने सांगितलेला अर्थ साधारण असा: जे लोक तुमच्या कामावर दबाव आणू शकतात, त्यांच्या उपकाराखाली स्वतःला जाऊ देऊ नका.

यासाठी आपल्याकडे आयता शब्द आहे, मिंधा. लाच घेणारा आणि मिंधा यांत फरक आहे. लाच घेणाऱ्याने काहीतरी घेतलेलं असतं, ते मोजता येतं, रंगेहाथ पकडता येतं. मिंध्याने कदाचित एक पैसाही घेतलेला नसतो. मुलीच्या लग्नात कुणीतरी मंडप 'घरचाच' म्हणून घातला. मुलाला मुंबईत कुणाच्या तरी खोलीवर चार महिने ठेवून घेतलं. आजारपणात रात्री दोनला कुणाची गाडी आली. कोकणातल्या गावात यातलं काहीच भ्रष्टाचारात बसत नाही. ही शेजारधर्माची माणसं आहेत, आणि शेजारधर्म नसता तर या डोंगरदऱ्यांत कुणी जगलंच नसतं. म्हणूनच हे कठीण आहे. ज्या धाग्यांनी गाव बांधलेलं असतं, त्याच धाग्यांनी सरपंचाचे हात बांधले जातात.

मग करायचं काय, रात्री दोनची गाडी नाकारायची? नाही. मला दिसलेल्या भल्या माणसांनी एवढंच केलं: उपकार घेतला तर तो उघड ठेवला. 'याचे माझ्यावर उपकार आहेत, या विषयावर मी बोलणार नाही, तुम्ही ठरवा' असं सभेत उठून सांगितलं. वाक्य लहान आहे. पण ते म्हणताना भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते, कारण ते म्हटल्यावर माणूस दोन्हीकडून जातो. ज्याने गाडी दिली तो दुखावतो आणि गाव म्हणतं, म्हणजे आधीपासून काहीतरी होतंच.

महाड

आत्तापर्यंत मी लहान माणसांच्या गोष्टी सांगितल्या. आता सावित्रीकाठच्या महाडकडे जाऊ, कारण नियम आणि सचोटी यांचं नातं मला तिथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण शाळेत शिकतो, पण त्याच्या आधीचं एक पान सहसा वगळलं जातं. तळं कायद्याने आधीच खुलं झालेलं होतं! सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात ठराव आणला आणि तो संमत झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखी या बाजूने उभी राहणारी माणसं त्या नगरपालिकेत होती. कागद तयार झाला. आजच्या भाषेत नियमाची पूर्तता झाली. आणि तरी तीन वर्षं अस्पृश्यांपैकी कुणाला त्या तळ्यावर पाणी भरता आलं नाही. नियमाला पाय नसतात, तो स्वतः तळ्यावर चालत जात नाही.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तो नियम घेऊन चालत गेले. परिषदेला जमलेले लोक मागे होते. ते तळ्याशी गेले, पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, तळं 'शुद्ध' करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. म्हणजे ज्यांना तीन वर्षं नियम अडचणीचा वाटत नव्हता, त्यांना तो अमलात आल्याबरोबर वाटू लागला.

पण मला जास्त बोलायचं आहे ते डिसेंबरबद्दल. त्या महिन्यात दुसऱ्यांदा सत्याग्रह करायचं ठरलं. हजारो लोक महाडला जमले. सभेसाठी जागा मिळेना, अखेर फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. आणि ऐन वेळी विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. आता समोर बसलेली माणसं तुरुंगात जायच्या तयारीने आलेली. नेत्याने नुसतं 'चला' म्हणायचं होतं. नैतिक बाजू शंभर टक्के त्यांची होती. हुकूम मोडला असता तर इतिहासाने त्यांना दोष दिला नसता.

२५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. माणसाला कमी लेखणारा जो जुना 'नियम' होता, तो उघडपणे, सर्वांसमक्ष नाकारला गेला. तळ्याबाबत मात्र बाबासाहेबांनी न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं ठरवलं. हे त्यांनी परिषदेपुढे मांडलं, कारणं सांगितली, लोकांची समजूत काढली. अनेक जण नाराज झाले असणार, त्याशिवाय समजूत काढावी लागली नसती. मग लोकांची मिरवणूक पाण्याला हात न लावता तळ्याकडून फिरून आली. पुढे दावा जवळजवळ दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने तळं सर्वांना खुलं असल्याचा निकाल दिला.

या एका गोष्टीत तीन वेगवेगळे प्रसंग आहेत. मार्चमध्ये कागदावरचा नियम त्यांनी स्वतःच्या पायाने खरा केला. डिसेंबरमध्ये एक नियम अन्यायाचा म्हणून जाळला. आणि त्याच आठवड्यात दुसरा एक हुकूम, गैरसोयीचा आणि विरोधकांनी मिळवलेला असूनही, मानला. वरवर बघणाऱ्याला यात विसंगती दिसेल. मला त्यात तो पूर्णांक दिसतो. ज्या कायद्याच्या जोरावर आपण हक्क मागतो तो कायदा आपल्याला नको तेव्हा झुगारायचा नाही, आणि जो मुळातच माणसाला माणूस मानत नाही त्याला कायदा म्हणायचं नाही. तिन्ही वेळा निर्णय उघड्यावर झाला. डिसेंबरमध्ये मागे वळायची नामुष्की नेत्याने दुसऱ्या कुणाच्या माथी मारली नाही, हे मला त्या धाडसाइतकंच मोठं वाटतं.

याच्या जोडीला आप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट थोडक्यात सांगतो. यांनाच पुढे कोकणचे गांधी म्हणू लागले, कणकवलीचा गोपुरी आश्रम त्यांचा. १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात राजबंदी होते. तुरुंगातला मैला साफ करायचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचं असा शिरस्ता. आप्पासाहेब जन्माने ब्राह्मण. त्यांनी ते काम मागितलं, नियमावर बोट ठेवून नकार मिळाला. त्यांनी अन्न कमी केलं. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना हे कळलं, आणि त्या डिसेंबरात आप्पासाहेबांना साथ म्हणून त्यांनीही उपवास धरला. सरकारला दखल घ्यावी लागली. हा कैदी नियम तोडायला निघाला होता खरा, पण त्यातून त्याला मिळणार काय होतं? मैल्याची पाटी. नियमाला बगल देणाऱ्या माणसाची पारख करताना मी नेहमी हेच बघतो, बगल देऊन त्याच्या हाती काय पडणार आहे.

'माझ्यावर विश्वास नाय?'

आता उलट बाजू, नाहीतर कुणी म्हणेल नियम गेले खड्ड्यात, माणूस चांगला हवा. असं म्हणणाऱ्या चांगल्या माणसांनी माझी जितकी झोप घालवली आहे तितकी चोरांनीही घालवलेली नाही.

एका देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेब माझ्याकडे आला होता. मुंबईच्या चाकरमान्यांनी लाखांनी वर्गणी दिलेली. खजिनदार गावातले अत्यंत भले गृहस्थ, त्यांनी एक रुपयाही खाल्ला नसेल याची मला खात्री होती. पण पावत्या नव्हत्या. चिऱ्याचे पैसे वहीच्या एका कोपऱ्यात, सुताराचे दुसऱ्या वहीत, काही नुसते लक्षात. पावती मागितली की दुखावून म्हणायचे, "माझ्यावर विश्वास नाय?" वर्षभरात गावात दोन तट पडले आणि त्या सज्जन माणसाने शिमग्याला पालखीजवळ जायचं सोडलं. पैसे जागच्या जागी होते, पण दाखवायला काही नव्हतं.

पावती ही खजिनदारावरच्या अविश्वासाची खूण नव्हे, उद्या कुणी त्याच्यावर बोट उचललं तर त्याला टेकायला असलेली भिंत आहे. म्हणजे नियम हा पेटीच्या फळ्यांसारखा. फळ्या नसतील तर फळं चांगली असूनही वाटेतच सांडतात. नुसत्या फळ्यांकडे बघून आंबा विकत घेऊ नये, इतकंच.

मग बाहेरून बघणाऱ्याला, सभासदाला, मतदाराला कसं कळावं? मी काही बारीक गोष्टींवर नजर ठेवतो. वाईट बातमी नेत्याच्या तोंडून आली की बाहेरून कळली? ज्याचा फायदा होणार तो ठरवताना खोलीत होता का? हाताखालचा कारकून नेत्याला 'हे चुकतंय' म्हणू शकतो का, आणि म्हटल्यावर तो कुठल्या टेबलावर बसलेला दिसतो? हे शेवटचं सगळ्यात बोलकं. साहेब काय बोलतात ते शिपाई ऐकत नाही, साहेब कशाकडे काणाडोळा करतात ते तो बरोब्बर बघतो, आणि सहा महिन्यांत अख्खं ऑफिस त्याच दिशेला काणाडोळा करायला शिकतं.

ते तुसडे चेअरमन, जुलैत सभा घेणारे, यांना मी संत करून ठेवलंय असं वाटायला नको. एका वर्षी सोसायटीच्या डिझेल पंपावरची शेड वादळात उडाली. नव्या शेडचं काम त्यांनी भाच्याला दिलं. दरपत्रकं तीन आली होती, खरीखुरी तीन, आणि भाच्याचा दर खरंच सगळ्यात कमी होता. सहकार कायद्यात कुटुंब म्हणून जी नाती धरतात त्यांत भाचा येतही नाही. मी फाईल तपासली, कुठेच शेरा मारण्यासारखं नव्हतं, आणि तसं त्यांना सांगितलंही.

जुलैच्या सभेत शेडचा विषय आला तेव्हा ते उठले आणि म्हणाले, काम माझ्या भाच्याने केलंय, दर मी उघडायच्या आधी त्याने मला घरी येऊन विचारलं होतं की किती भरू, मी आकडा सांगितला नाही, पण 'जास्त भरू नको' म्हटलं. ते म्हणायला नको होतं. हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. मंडपात एकदम गलका झाला. दोघांनी राजीनामा मागितला, एकाने भाच्याचं बिल अडवा म्हटलं. शेवटी बाहेरचा इंजिनिअर आणून शेड मोजायची असं ठरलं, आणि पुढच्या कामांची दरपत्रकं सभासदांसमोर उघडायची असा ठराव झाला. शेड मापात भरली. बिल चार महिने उशिरा निघालं.

भाचा दोन गणपती मामाच्या घरी आला नाही. तिसऱ्या वर्षी आला, आरतीला थांबला, पोटभर मोदक खाल्ले. निघताना चपला घालता घालता विचारलं, "मामा, बर्फाच्या गोदामाचां काम कधी निघतला?"

"बोर्डार लागतला," मामा म्हणाले. "वाच येवन."